सुंभ आणि पीळ : ओखा बंदरापासून ॲम्बॅसेडरपर्यंत

जुन्या बडोदे राज्याचा नकाशा एकसंध नव्हता. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली असे त्याचे तुकडे गुजरातभर विखुरलेले होते आणि मधूनमधून इतर संस्थानांचा व इंग्रजांचा मुलूख पसरलेला होता. यातला सर्वांत दूरचा तुकडा म्हणजे ओखामंडळ. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचा, समुद्राने तिन्ही बाजूंनी वेढलेला हा प्रदेश. द्वारका आणि बेट द्वारका याच भागात. आपल्या आज्या-पणज्या द्वारकेच्या यात्रेला जात, तेव्हा काठेवाडातली कितीतरी संस्थाने ओलांडून त्या पुन्हा गायकवाडांच्याच राज्यात पोहोचत.

या ओखामंडळात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत आधुनिक बंदर बांधले गेले आणि १९२६ मध्ये ते खुले झाले. बंदर आले म्हणजे उद्योग येणार, हा हिशेब त्यामागे होता आणि तो खरा ठरला. १९३९ मध्ये, महाराजांच्या निधनाच्याच वर्षी, जवळच्या मिठापूरला टाटा केमिकल्सची स्थापना झाली. त्यानंतर तीन वर्षांनी, १९४२ मध्ये, ब्रजमोहन बिर्ला यांनी हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी काढली. तिचे पहिले काम सुरू झाले ते याच ओखा बंदरात. जहाजातून आलेले सुटे भाग उतरवायचे आणि ते जोडून मोटारी उभ्या करायच्या, असे ते काम होते.

त्याआधी देशात मोटारी जोडल्या जात नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला तसे काम सुरू केले होते. पण ती अमेरिकन कंपनी. भारतीय भांडवलावर मोटारी बनवण्याची जी पहिली पावले पडली, त्यात दोन नावे अग्रभागी येतात. एक सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचे. त्यांची प्रीमिअर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये निघाली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून तिच्या फियाट बाहेर पडल्या. दुसरे हिंदुस्थान मोटर्सचे. ॲम्बॅसेडर म्हटले की सर्वांना बंगालमधले उत्तरपाडा आठवते आणि ते बरोबरच आहे, कारण १९४८ मध्ये कारखाना तिथे गेला. पण तिचा पाळणा हलला तो गायकवाडांच्या राज्यात, ही गोष्ट आपल्या शहरातल्या मराठी मंडळींनाही फारशी ठाऊक नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत हा विषय आम्ही घेतला.

मात्र संपूर्ण गाडीचा इतिहास सांगण्याचा आमचा विचार नाही. त्या गाडीच्या पोटाखाली, कोणाच्या नजरेला न पडणारा एक पोलादी दांडा असे. गाडीचे पुढचे सगळे वजन तो पेलत असे. त्याला गॅरेजमध्ये सगळेच टॉर्शन बार म्हणत. मराठीत त्याला पिळाचा दांडा म्हणता येईल. या एका दांड्याची गोष्ट आम्हाला सांगायची आहे.

पाट्यापासून पिळापर्यंत

चाक खड्ड्यात गेले तरी बसणाऱ्याला हिसका बसू नये, हा प्रश्न मोटारीपेक्षा पुष्कळ जुना आहे. इंग्लंडात ओबादाया इलियट याने १८०४ मध्ये घोडागाडीसाठी कमानदार पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. पोलादाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून त्यांना बाक द्यायचा, मधोमध आस बांधायचा आणि दोन टोके गाडीला अडकवायची. आपल्याकडच्या टांग्यांना, बग्ग्यांना आणि पुढे मोटारींना, ट्रकांना हेच पाटे लागले. ते दणकट असतात, तुटले तरी एखादा पाटा बदलता येतो, आणि बसके झाले तर पाटेवाल्याकडून ठोकून घेता येतात. दोष इतकाच की ते जड असतात, एकमेकांवर घासतात, आणि डावे-उजवे चाक एकाच आसाला बांधलेले असेल तर एका चाकाचा धक्का दुसऱ्यालाही पोहोचतो.

पाटा वाकून ताकद साठवतो. पिळाचा दांडा वळून ताकद साठवतो. ओले धुणे पिळताना ज्यांचे मनगट दुखले आहे, त्यांना ही ताकद समजावून सांगावी लागणार नाही. पिळलेले पातळ हातातून सुटले की ते उलट फिरते. पोलादाचा सरळ, गोल दांडा घेतला, त्याचे एक टोक घट्ट अडकवले आणि दुसऱ्या टोकाला आडवा हात बसवून त्या हाताच्या शेवटी चाक लावले, तर चाक वर उचलले गेले की दांडा पिळला जातो. धक्का सरला की पीळ सुटू पाहतो आणि चाक खाली येते. वाकलेल्या पाट्यात जास्त ताण फक्त वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावर येतो. पिळलेल्या गोल दांड्यात तो बाहेरच्या सगळ्या पृष्ठभागावर सारखा पसरतो. म्हणून तेवढ्याच वजनाच्या पोलादात पिळाचा दांडा अधिक ताकद साठवू शकतो.

याचे गणित मोटारीच्या शंभर वर्षे आधीच तयार होते. फ्रान्सच्या कूलोमने १७८४ मध्ये तारांच्या पिळावर प्रयोग करून नियम मांडले. जितका पीळ द्याल तितका उलट जोर मिळतो. तार लांब असेल तर ती मऊ लागते. आणि जाडीचा परिणाम सर्वांत मोठा असतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे दांडा फक्त दहा टक्के जाड केला तर तो जवळजवळ सेहेचाळीस टक्के अधिक कडक होतो. विजेच्या धड्यात आपण ज्याचे नाव शाळेत पाठ केले तोच हा कूलोम. विजेचे बल मोजायलाही त्याने हाच पीळ वापरला होता.

जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड

मोटारीत हा दांडा आणण्याचे श्रेय सामान्यतः फर्डिनांड पोर्शे यांना दिले जाते. स्टुटगार्टला स्वतःची कचेरी काढल्यावर १९३१ मध्ये त्यांनी पिळाच्या दांड्याच्या स्प्रिंगचे पेटंट नोंदवले. पुढे त्यांनी आखलेल्या फोक्सवॅगन बीटलमध्ये मागच्या चाकांना गोल दांडे आणि पुढच्या चाकांना नळीत बसवलेल्या पोलादी पट्ट्यांची जुडी होती. मात्र मोठ्या संख्येने बनलेल्या गाडीत हे दांडे आधी आले ते फ्रान्समध्ये. सिट्रोएन कंपनीची ट्रॅक्सिओं अवां ही गाडी १९३४ मध्ये निघाली आणि तिच्या पुढे-मागे दोन्हीकडे पिळाचे दांडे होते. सिट्रोएनचे हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते शेवटी पुन्हा येणार आहे.

त्याच दशकात हा दांडा रणगाड्यांतही शिरला. स्वीडनच्या लँड्सव्हेर्क एल-६० या रणगाड्यापासून त्याची सुरुवात झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक देशांच्या रणगाड्यांनी तोच मार्ग धरला. आपल्या सैन्यातला, आवडीला बनलेला विजयंता रणगाडाही पिळाच्या दांड्यांवरच उभा असे. प्रत्येक चाकामागे एक दांडा, रणगाड्याच्या तळाशी आडवा ठेवलेला. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात कधी गेलात तर तोफेकडे पाहून झाल्यावर खाली वाकून चाकांकडेही पाहा.

इंग्लंडात या दांड्याला घरोघर पोहोचवले ते ॲलेक इसिगोनिस यांनी. त्यांची मॉरिस मायनर १९४८ मध्ये आली. तिची पुढची दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्र होती आणि प्रत्येकाचा दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने मागे जाऊन जमिनीच्या पत्र्याखालच्या आडव्या तुळईत अडकत असे. यात मोठा शहाणपणा होता. पाटे किंवा गुंडाळीची स्प्रिंग वापरली तर चाकाचा सगळा धक्का गाडीच्या नाकावर येतो आणि तो भाग जड, मजबूत करावा लागतो. दांड्याने मात्र तो भार सीटखालच्या भागात, म्हणजे जिथे गाडीचा सांगाडा मुळातच भक्कम असतो तिथे नेऊन ठेवला. वाड्याच्या तुळईचा भार कुठल्या भिंतीवर टाकायचा, हे ठरवणाऱ्या गवंड्याचीच ही अक्कल. त्याच वर्षी आलेल्या मॉरिस ऑक्सफर्ड या मोठ्या गाडीलाही हीच रचना मिळाली.

आणि ही मॉरिस ऑक्सफर्डच आपल्या देशात आली. हिंदुस्थान मोटर्सने आधी तिला हिंदुस्थान १४ या नावाने काढले. मग १९५४ मध्ये पुढच्या आवृत्तीची लँडमास्टर आली आणि १९५७-५८ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून ॲम्बॅसेडर. इंग्लंडात ती मालिका १९५९ मध्ये बंद झाली. आपल्याकडे ती २०१४ पर्यंत चालली.

उंची कशी लावत

या दांड्याचा पाट्यापेक्षा आणखी एक मोठा फायदा होता, आणि आमच्या मते भारतात तो टिकून राहिला यामागे हा फायदाही होता. गाडीची उंची पान्याने लावता येत असे.

पोलाद कितीही चांगले असले तरी वर्षानुवर्षे पिळलेल्या अवस्थेत उभे राहून ते थोडे थकते. गाडी पुढून बसते. डावी-उजवीकडे सारखी बसली तर निदान शोभते तरी. पण चालकाची बाजू रोज भार सोसते, म्हणून बहुधा एकच बाजू झुकते. पाटे असते तर ते सोडवून ठोकायला पाठवावे लागले असते. दांड्याच्या बाबतीत मागचे अडकवलेले टोक थोडे फिरवले की काम होते. काही गाड्यांत या टोकाला एक हात आणि त्याला टेकणारा बोल्ट असतो. मॉरिस मायनरमध्ये भोके पाडलेली पट्टी असे आणि कोणत्या भोकात बोल्ट बसवायचा यावर उंची ठरे. मोठा फरक हवा असेल तर दांड्याच्या टोकाचे दाते सोडवून एक दाता पुढे-मागे बसवायचा.

बीटलच्या मागच्या दांड्यात तर याची मोठी सुंदर युक्ती होती. दांड्याच्या आतल्या टोकाला ४० दाते आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता सरकवला तर ९ अंश फरक पडतो. बाहेरचा एक दाता उलट दिशेने सरकवला तर सुमारे ८.१८ अंश. दोन्ही केले तर निव्वळ फरक उरतो ०.८२ अंशाचा, म्हणजे एका अंशाहूनही कमी. शाळेच्या प्रयोगशाळेत वर्नियर कॅलिपरने ज्यांनी मापे घेतली आहेत, त्यांना हे तत्त्व लगेच ओळखू येईल. जाड दात्यांतून बारीक माप काढायचे ते असे.

हा बारीकपणा का लागतो, तेही पाहू. समजा, दांड्यापासून चाकापर्यंतचा हात ३० सेंटिमीटर लांब आहे. मुळाशी दांडा एक अंश फिरवला तर चाकाजवळ सुमारे ५ मिलिमीटर फरक पडतो. आतला एकच दाता, म्हणजे ९ अंश, सरकवला तर हाच फरक साडेचार सेंटिमीटरच्या पुढे जातो. एवढ्याने गाडीचे नाक आभाळाकडे होईल.

इथे एक समजूत दूर करायला हवी, कारण ती आजही सर्रास ऐकू येते. दांडा आवळला की गाडी कडक होते, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. गाडीचे वजन आवळल्याने वाढत नाही. तेवढेच वजन पेलायला दांड्याला जवळजवळ तेवढाच पीळ लागतो. बदलते ते फक्त उभे राहण्याचे ठिकाण. विहिरीवर भरलेली घागर दोरीने थोडी वर ओढून धरली म्हणून दोरीवरचा ताण वाढत नाही, तसेच हे आहे. दांड्याचा कडकपणा त्याच्या जाडीत आणि लांबीत असतो; तो बोल्टने बदलत नाही.

मग उंच केलेली गाडी कडक का वाटते? कारण चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही. खड्डा आला की चाक थोडेच खाली जाते आणि अडते. तो धक्का बसणाऱ्याला कडकपणा वाटतो. शिवाय चाकाचा कल बदलतो, टायर एका कडेने झिजतो, स्टिअरिंग हातात वेगळे लागते. उलट गाडी फार खाली केली तर प्रत्येक खड्ड्यात रबरी ठोकळ्यावर आपटते आणि दांड्याला आपले काम करायला वावच मिळत नाही. म्हणून पुस्तकात दिलेली उंची ही शोभेची नसते. वर आणि खाली दोन्हीकडे चाकाला जागा मिळावी म्हणून ती ठरवलेली असते.

जाणता मिस्त्री हे काम कसे करत असे, तेही लिहून ठेवायला हवे. गाडी सपाट फरशीवर घ्यायची. आधी चारही टायरांची हवा बरोबर करायची, कारण एका टायरमध्ये हवा कमी असेल तर आपण दांड्याला फुकट दोष देतो. डिकीतले सामान काढायचे. मग गाडी चार वेळा दाबून सोडायची, थोडी पुढे-मागे ढकलायची, म्हणजे बुशांत अडकलेला ताण सुटतो. आता दोन्ही बाजूंची उंची मोजायची आणि खडूने लिहून ठेवायची. बोल्ट फिरवण्याआधी जॅक लावून चाकावरचा भार काढायचा आणि पक्क्या स्टँडवर गाडी टेकवायची. भारासकट बोल्ट फिरवला तर आटे जातात, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. किती फेरे दिले ते मोजायचे. गाडी उतरवून, पुन्हा ढकलून मगच परत मोजायचे. एका फटक्यात माप बसत नाही. दोन-तीनदा हे करावे लागते.

आणि एक बाजू लावताना दुसरीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. चार पायांच्या चौरंगाचा एक पाय उंच केला तर तिरप्या कोपऱ्याचा पायही भार घेतो आणि उरलेले दोन हलके पडतात. गाडीचेही तसेच. डावीकडचे नाक उंच करताना उजव्या मागच्या चाकावरचा भार वाढतो. म्हणून मागचे पाटे बसलेले असतील तर आधी ते पाहायचे. पुढचा दांडा फिरवून मागचा दोष झाकायचा नाही. शेवटी चाकांची दिशा आणि दिव्यांचा झोत पुन्हा तपासायचा. नाक वर गेले की दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

दांडा काढावा लागला तर आणखी दोन गोष्टी. डावा दांडा डाव्यालाच, उजवा उजव्यालाच. कारखान्यात प्रत्येक दांड्याला त्याच्या दिशेने आधीच जास्त पीळ देऊन ठेवलेला असतो, म्हणजे पुढे तो त्या दिशेने थकत नाही. उलट बाजूला बसवला तर त्याचा हा सगळा संस्कार उलटतो आणि तो लवकर बसतो किंवा तुटतो. दुसरी गोष्ट, त्याच्या अंगावर ओरखडा पडू द्यायचा नाही. हातोडी, छिन्नी, वेल्डिंगची ठिणगी यांना त्याच्या जवळ येऊ द्यायचे नाही. सगळा ताण पृष्ठभागावर असल्याने तुटणे सुरू होते ते बारीक ओरखड्यापासूनच.

इतकी वर्षे का टिकला

अमेरिकेत या दांड्यावर मोठे प्रयोग झाले. पॅकार्ड कंपनीने १९५५ मध्ये पुढचे आणि मागचे चाक एकाच लांब दांड्याने जोडले आणि गाडीत माणसे बसली की सुमारे सात सेकंदांनी विजेची मोटर आपोआप उंची सावरू लागे. क्रायस्लरने १९५७ पासून आपल्या गाड्यांना पुढे पिळाचे दांडे दिले. रेनॉ ४ या फ्रेंच गाडीत मागचे दोन आडवे दांडे एकामागे एक ठेवल्यामुळे उजवीकडचे दोन चाकांमधले अंतर डावीकडच्यापेक्षा जवळजवळ पाच सेंटिमीटर जास्त होते, आणि तरीही ती गाडी सरळ चाले. आपल्या पुण्यात टेल्कोने १९९० च्या दशकात सुमो आणि सफारी काढल्या, तेव्हा त्यांच्याही पुढच्या चाकांना सुरुवातीला हेच दांडे होते.

पण एकाच गाडीत, जवळजवळ त्याच मांडणीत, हा दांडा साडेपाच दशके राहिला तो ॲम्बॅसेडरमध्ये. यावर दोन मते ऐकू येतात. एक मत असे की परवान्यांच्या राज्यात स्पर्धाच नव्हती. गाडीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. मग कारखान्याने बदल कशासाठी करावा? दुसरे मत असे की आपल्या रस्त्यांना, आपल्या भारांना आणि आपल्या गॅरेजांना ती रचना मानवली होती, म्हणून ती टिकली.

आम्हाला दोन्हींत तथ्य दिसते, पण ती सारख्या वजनाची नाहीत. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली. तिच्या पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगचे उभे खांब होते. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. ज्यांना निवडीची संधी मिळाली त्या कुटुंबांनी लवकरच ती निवडली. म्हणजे केवळ गुणांवर ॲम्बॅसेडर टिकली असे म्हणता येत नाही. पण मारुती आल्यानंतरही तीस वर्षे ती टॅक्सीत आणि सरकारी ताफ्यात चालत राहिली, हेही खरे आहे. पाच-सहा माणसे, टपावर सामान, वाटेत डांबर संपलेले, आणि बिघडली तर लहान गावातला मिस्त्रीसुद्धा सुट्या भागाची वाट न पाहता पान्याने तिचे नाक पुन्हा सरळ करणार, हे बळ नव्या गाड्यांत नव्हते. स्पर्धेच्या अभावाने गाडी टिकवली असेल. पण तिला चालती ठेवली ती मिस्त्रींच्या हातांनी.

ज्ञान कुठे राहते

हाच मुद्दा आम्हाला आपल्या शहराच्या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. यंत्रविद्या, रंगविद्या, शिल्पकला हे विषय सामान्य घरच्या मुलांना शिकता यावेत आणि तेही देशी भाषेतून, हा त्यामागचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. आज ती परंपरा आपल्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत सामावली आहे. ज्या राज्याने यंत्राची भाषा सामान्य माणसाच्या भाषेत आणण्याचा विचार सव्वाशे वर्षांपूर्वी केला, त्याच राज्याच्या बंदरात पुढे मोटारी जोडल्या गेल्या. हा काही कार्यकारणाचा दावा नव्हे. पण दोन्हींमागे यंत्राला परके न मानण्याची एकच वृत्ती दिसते.

आणि तरी, दांडा लावण्याची जी रीत वर सांगितली ती कुठल्या मराठी पुस्तकात सापडणार नाही. कंपनीची पुस्तके इंग्रजीत होती आणि ती बहुधा गॅरेजच्या कपाटात धूळ खात. खरे ज्ञान मिस्त्रींच्या बोलण्यात होते. बडोद्यासारख्या शहरात ते मराठी, गुजराती आणि हिंदी यांच्या मिश्रणातून चाले. पाटा, बुश, जंपर, आटे, फेरा, नाक बसणे, चाक ओढणे, ही त्या भाषेची संपत्ती. त्या पिढीतले हात आता थकले आहेत. गॅरेजांच्या जागी दुकाने आली आहेत. हौसेने ॲम्बॅसेडर जपणारी मंडळी शहरात आहेत. पण दांडा आवळला की गाडी कडक होते अशी समजूत त्यांच्यातही रुजते आहे, कारण चूक दाखवणारा मिस्त्रीच उरलेला नाही. रीत विसरली की उरते ती अंधश्रद्धा, आणि ज्या दांड्यावर सबंध गाडी उभी असते त्याच्या बाबतीत अंधश्रद्धा परवडणारी नाही.

उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला. २०१७ मध्ये ॲम्बॅसेडर हे नाव ८० कोटी रुपयांना विकले गेले आणि ते घेतले फ्रान्सच्या प्यूजो समूहाने. सिट्रोएन कंपनी तेव्हा याच समूहात होती. म्हणजे १९३४ मध्ये ज्या घराण्याने पिळाचा दांडा प्रथम हजारो गाड्यांखाली बसवला, त्याच घराण्यात, तो दांडा साडेपाच दशके वागवणाऱ्या गाडीचे नाव जाऊन पोहोचले.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण हट्टी माणसाला हिणवण्यासाठी म्हणतो. या दांड्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. आज आपल्या बहुतेक मोटारींत गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. पण गुंडाळी दाबली जाते तेव्हा तिची तार वाकत नाही. तीही पिळलीच जाते. म्हणजे गुंडाळी हा वेटोळे करून थोड्या जागेत बसवलेला पिळाचा दांडाच आहे. ओख्याचा कारखाना गेला, उत्तरपाड्याचा गेला, सरळ दांडाही बहुतेक गाड्यांतून गेला. पीळ मात्र आपल्या प्रत्येकाच्या गाडीखाली आजही भार वाहतो आहे.

वाचकांना आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी हिंदुस्थान १४, लँडमास्टर किंवा जुन्या ॲम्बॅसेडरची पुस्तिका, छायाचित्र, दुरुस्तीची वही असेल. कोणाच्या घरातले ज्येष्ठ ओखा, मिठापूर किंवा गॅरेजच्या कामात असतील, तर त्यांच्या आठवणी आणि विशेषतः त्यांचे शब्द लिहून मंडळाच्या ग्रंथालयात द्यावेत. दहा दिवसांत मंडपात पुष्कळ ज्येष्ठ येतात. आरती झाल्यावर त्यांच्याजवळ अर्धा तास बसायला एक वही आणि पेन एवढेच लागते.